अकरावं भोक कुणाचं

सगळं सुरू झालं ते चष्मेवाल्यापासून. मी घरी पडदे शिवते. सुईत ओवायचा दोरा सुईला वळसा घालून जायला लागला, तेव्हा मी त्याच्याकडे गेले. त्यानं नंबर वाढवला आणि वर सल्ला दिला, की दिवसभर जवळचं बघता, तर रोज थोडा वेळ लांबचं काहीतरी बघत जा.

मी सल्ला पाळणारी बाई आहे. दुसऱ्याच दिवसापासून खिडकीत उभी राहून लांबचं बघायला लागले. आमच्या खिडकीतून दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे समोरच्या इमारतीतल्या एका न्हाणीघराची खिडकी. थोड्याच दिवसांत तिथले गृहस्थ आमच्या ह्यांना भेटायला आले. बोलणं सभ्यपणे झालं, पण मला लांबचं बघायला दुसरी जागा शोधणं भाग पडलं. (पुढे त्यांनी त्या खिडकीला पडदा लावला. माझ्याकडूनच शिवून घेतला.)

आमच्या रस्त्याच्या टोकाला खेळाचं मैदान आहे, आणि मैदानाच्या कडेच्या लांबट शेडमध्ये एअर रायफलचा क्लब. छऱ्याची रायफल, दहा मीटरवर एक कागद, कागदावर काळा गोल, आणि त्या गोलाच्या पोटात टिकलीएवढा पांढरा ठिपका. त्या ठिपक्याला लागलं की दहा गुण, बाहेर सरकत गेलं की कमी कमी. मी तिथल्या सरांना विचारलं, मला नुसतं बघायला येता येईल का. ते म्हणाले, बघायचं असेल तर रायफलमधूनच बघावं लागतं. मी रायफलमधून बघितलं, आणि बघता बघता चाप ओढला गेला. कागदावर भोक पडलं. काळ्या गोलाच्या बरंच बाहेर, पण कागदावर. मला इतका आनंद झाला, की घरी येईपर्यंत मी सभासद झालेली होते.

या सरांना आम्ही घरात श्वाससर म्हणतो, कारण त्यांचं सगळं शास्त्र श्वासावर उभं आहे. श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा, चाप ओढा. आणि मुख्य म्हणजे छर्रा सुटल्यावरही हलायचं नाही, नेम धरल्यासारखंच क्षणभर उभं राहायचं. हे शेवटचं माझ्या अंगात फारच भिनलं. दार लावलं, की मी कडीवर हात ठेवून क्षणभर थांबायची. कुणाला पाण्याचा पेला दिला, की हात तसाच पुढे. दूध उतू जाताना मी गॅस बंद करायच्या आधी अर्धा श्वास सोडत होते, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. दूध मात्र पूर्ण गेलं.

घरी सराव हवा, पण रायफल क्लबची आणि ती क्लबातच राहते. म्हणून मी पडद्याची एक दांडी घेतली, तिच्या टोकाला पडद्याचीच कडी बसवली आणि कडीतून बघायला लागले. आमच्या घरात सरळ अशी एकच रेषा आहे. बैठकीच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा, तिथून बोळ आणि बोळाच्या शेवटी स्वयंपाकघरातला फ्रीज. मी फ्रीजच्या दाराला काळी टिकली चिकटवली आणि कोपऱ्यात पाय रोवून उभी राहिले. दिवसभर मशीनवर वाकलेली मी, तेवढा वेळ ताठ असायची. डोक्यात ना अस्तर, ना झालर. लग्नानंतर पहिल्यांदाच या घरातला एक कोपरा माझा झाला होता, आणि तो मला फार प्रिय होता.

नेमका तोच कोपरा ह्यांनाही हवा होता. ह्यांनी दुकानात एक खुर्ची बघून ठेवली होती, मागे रेलली की लांब होणारी, पायाखालूनही काहीतरी वर येणारी. ती उघडली की तिला पुढेमागे मोकळी जागा लागायची, आणि तशी जागा फक्त त्या कोपऱ्यात होती. विषय दर रविवारी निघायचा आणि दर रविवारी मी दांडी हातात घेऊन गप्प राहायची. नेम धरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, हा या खेळाचा मोठा फायदा आहे.

मग क्लबाची वार्षिक स्पर्धा जवळ आली आणि श्वाससरांनी मला नेमबाजीचं खास जॅकेट घ्यायला सांगितलं. एक बाई खेळ सोडून गावाला गेल्या होत्या, त्यांचं जवळजवळ न वापरलेलं मिळालं. जाड कॅनव्हास, खांद्याला आणि कोपराला चामडं, पुढे लोखंडी बटणं. मी ते घरी आणून खोलीत ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, ते आपलं आपणच उभं राहिलं. थोड्या वेळानं सासूबाई चष्मा न लावता बाहेर आल्या आणि त्याला बसा म्हणाल्या. ते बसेना, तेव्हा पाणी घेऊन आल्या. शेवटी मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "कोण आलंय गं? बोलत नाही, बसत नाही. वसुलीवाला असेल तर मी देवाला गेलेय म्हणून सांग."

क्लबात जॅकेटची तपासणी झाली. या खेळात असा नियम आहे, की कापड ठरावीक मापापेक्षा कडक असता कामा नये. उभं माणसानं राहायचं, जॅकेटनं नाही. त्यासाठी एक यंत्र असतं, त्यात कापड धरून वरून एक चकती दाबतात आणि कापड किती दबतं ते काटा दाखवतो. आमचा काटा जागचा हलला नाही. श्वाससरांनी यंत्र हलवून बघितलं. मग जॅकेटवर टकटक केलं आणि म्हणाले, "ताई, हे जॅकेट नाही, हे दार आहे."

उपाय त्यांनीच सांगितला. धुवायचं नाही, ठोकायचं नाही, अंगात घालून वावरायचं. अंगाच्या उबेनं आणि हालचालीनं कापड आपोआप मऊ पडतं. स्पर्धेआधी मऊ पडलं नाही, तर जॅकेटशिवाय खेळायचं.

म्हणून मी ते घालून घरात वावरायला लागले. वावरणं हा शब्द जरा मोठा आहे. मला वाकता येईना, बसता येईना, मान वळवायची तर सगळी मीच वळायची. खाली पडलेली कात्री दुपारभर खालीच राहिली, मी तिच्याकडे बघत उभी. एकदा बोळाच्या तोंडाशी अडकले, तर सासूबाईंनी मला बाजूला सारून वाट काढली, जसं कपाट सरकवतात तसं. पडद्यांची कामं तुंबली. मशीनशी बसताच येत नसेल तर शिवणार काय?

तेव्हा ह्यांनी मोठ्या मनानं सुचवलं, की संध्याकाळी मी घालून बसतो, तू तुझं शिवण कर. ह्यांच्या मनाइतकंच ह्यांचं पोटही मोठं आहे. बटणं लागताना आम्ही तिघांनीही श्वास सोडला. पण लागली. आणि मग एक अजब गोष्ट घडली. ह्यांची पाठ गेली कित्येक वर्षं दुखते, ती दुखायची थांबली. ते ताठ बसून जेवले, ताठ बसून पेपर वाचला आणि ताठच झोपले. सकाळी उठवायला गेले तर म्हणाले, राहू दे अंगात, कापड मऊ पडतंय.

ते ऑफिसलाही घालून गेले. हे एका सरकारी ऑफिसात चौकशीच्या खिडकीत बसतात. लोक दिवसभर येऊन ह्यांच्यावर ओरडतात, आणि हे त्यांच्याकडे शांतपणे बघत राहतात. त्या दिवशी कुणी ओरडलंच नाही. लोकांना वाटलं, सरकारनं खिडकीतल्या माणसांना आता चिलखतं दिली, म्हणजे बाहेर काहीतरी गंभीर चाललंय. रांग सरळ झाली. एकानं म्हणे काम न विचारताच आभार मानले आणि निघून गेला. त्या दिवसापासून जॅकेट रोज ऑफिसला जायला लागलं. मला ते फक्त रविवारी, धुतलेल्या कपड्यांसारखं दोरीवर भेटायचं. (धुतलेलं नव्हतं.)

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तपासणीसाठी म्हणून हे ऑफिसातून परस्पर क्लबात गेले. श्वाससर दुसऱ्या कुणाला शिकवत होते, ते म्हणाले, जरा थांबा. हे थांबले. बऱ्याच वेळानं सरांनी वळून बघितलं, तर हे जिथं थांबायला सांगितलं तिथंच, तसेच उभे. सरांना आधी वाटलं मी जॅकेट पाठवून दिलंय. मग त्यात डोकं दिसलं. त्यांनी ह्यांची नाडी बघितली, ह्यांच्या कानाशी टाळी वाजवली, आणि पापणीही हलली नाही असं बघून ह्यांच्या हातात रायफल दिली.

संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. आवाज भरून आला होता. म्हणाले, "ताई, असा माणूस मी आयुष्यात बघितला नाही. काहीही झालं तरी त्यांच्यावर कशाचा म्हणून परिणाम होत नाही."

हीच तक्रार मी लग्नापासून करत आले होते. ती गुणवत्ता आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर ह्यांनीही स्पर्धेत नाव दिलं. जेवताना म्हणाले, त्यात काय अवघड आहे, उभं राहायचं आणि काही करायचं नाही. मी म्हटलं, मग खुर्ची कशाला हवी, उभेच राहा. शब्दानं शब्द वाढला. शेवटी सासूबाईंनी ताटावरून हात उचलला आणि निकाल दिला. रोज रोज तीच कटकट नको, ज्याचे गुण जास्त त्याचा कोपरा. हरलेल्यानं पुन्हा तोंड उघडायचं नाही. हे म्हणाले, चालेल. मीही म्हटलं, चालेल. मी वर्षभर घाम गाळलेला, हे आठवड्याचे. मला वाटलं कोपरा आता पदराला गाठ मारल्यासारखा माझाच.

स्पर्धेच्या दिवशी जॅकेटची तपासणी झाली आणि काटा हवा तिथं आला. मी सुटले असं म्हणणार, तोवर बटणं लावली, आणि पुढून एक भलीमोठी ढोली तयार झाली. जॅकेट मऊ पडलं होतं, पण ह्यांच्या आकाराचं पडलं होतं. आत मी होते आणि ह्यांचं पोट होतं, फक्त पोटात कुणी नव्हतं. वर बोट लावलं की ते सगळंच डावी-उजवीकडे फिरायचं, मटक्यात रवी फिरावी तसं.

पडदेवाली बाई अडून राहत नाही. पिशवीत अस्तराचा तागा होता, तो मी कोपऱ्यात जाऊन आत कोंबला. छान घट्ट बसलं. पण तिथं पंच म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, गळ्याशी दिसणारं टोक दोन बोटांत धरलं आणि ओढायला सुरुवात केली. अस्तर येतच राहिलं. पिवळं, फुलाफुलांचं. जादूगाराचा खेळ समजून प्रेक्षकांत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सासूबाई होत्या त्या.

पंचबाई म्हणाल्या, "आत फक्त खेळाडू हवा."

ह्यांना माझ्या उजव्या हाताची जागा मिळाली होती. जॅकेट माझ्याकडे आल्यानं हे आपल्या रोजच्या स्वेटरवर उभे होते. प्रत्येकाला चार कागद, एकेका कागदावर दहा छर्रे. दहा झाले की हातानं चाक फिरवायचं, म्हणजे कागद तारेवरून आपल्याकडे येतो. पहिला कागद माझा बरा गेला, ह्यांचाही बरा गेला. दुसऱ्याला मी पुढे. तिसऱ्याला जॅकेट जरा जरा फिरायला लागलं होतं, मी दर वेळी ओढून सरळ करत होते, तरी पुढेच. शेवटच्या कागदाच्या शेवटच्या छऱ्यापर्यंत मी आले, तेव्हा मागे बसलेल्या श्वाससरांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, की आता फक्त कागदावर मारा, जिंकलात.

आता एक गोष्ट सांगायला हवी. रायफलच्या मागच्या बारीक भोकातून बघितलं, की दुनियेतलं बाकी सगळं नाहीसं होतं. राहतो तो एक काळा गोल. म्हणून आधी नुसत्या डोळ्यांनी कागदावरचा आपला नंबर बघायचा आणि मग नेम धरायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी नंबर बघितला. नंतर रायफल उचलली. या दोन्हींच्या मध्ये जॅकेट फिरलं, आणि जॅकेटबरोबर मी.

मला ते कळलं नाही. मला फक्त गोल दिसला, आणि इतका स्थिर गोल मी कधी बघितला नव्हता. खिडकीजवळचा कोपरा आठवला, बोळ आठवला, फ्रीजवरची टिकली आठवली. श्वास घेतला, अर्धा सोडला. काळजाचे ठोकेही मध्ये आले नाहीत. चाप कधी ओढला गेला ते समजलं नाही, आणि छर्रा सुटताच मला कळलं, की हा दहा आहे. मी हलले नाही. तशीच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, तेही थांबून राहिलं.

चाक फिरवून कागद आणला. त्यावर नऊ भोकं.

मी दोनदा मोजली. मग माझ्या मनात जो विचार आला, तो एखाद्या शहाण्या बाईच्या मनात आला नसता. मोठे मोठे नेमबाज एकाच भोकातून दोन छर्रे घालवतात, असं सरांनी एकदा सांगितलं होतं. मी वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, की माझे दोन एकाच भोकातून गेलेत. लोक उठून बघायला आले. दोघांनी माझं अभिनंदन केलं. एका बाईंनी माझा खांदा थोपटला, ते जॅकेटमुळे मला जाणवलं नाही.

तेवढ्यात शेजारून ह्यांचा आवाज आला. चौकशीच्या खिडकीतल्यासारखाच, सपाट.

"माझे अकरा आलेत."

पंचबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आमच्यासारख्यांचे छर्रे एकमेकांना भेटत नाहीत, त्यामुळे मोजायला सोपं जातं. ह्यांच्या कागदावर दहा भोकं इकडे तिकडे विखुरलेली होती, आणि मधोमध, पांढऱ्या ठिपक्याला बरोबर खाऊन, अकरावं. पंचबाईंनी ह्यांना विचारलं, यातलं तुमचं नसलेलं कोणतं?

ह्यांनी कागदाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. ऑफिसात कुणी फाइल मागितली की बघतात, तसंच. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं संसार केलाय, आता तरी बोला.

"सांगता येत नाही," हे म्हणाले. "सगळीच ओळखीची वाटतात."

मी पुढे होऊन सांगितलं, की मधलं माझं आहे, छर्रा सुटताच मी ओळखलं. पंचबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सौम्यपणे म्हणाल्या, की मधलं आपलं आहे असं आजवर प्रत्येकानं सांगितलंय. मग त्यांनी नियम वाचून दाखवला. ज्यानं शेजाऱ्याच्या कागदावर मारलं, त्याला त्या छऱ्याचं शून्य. आणि भोक कुणाचं ते ठरत नसेल, तर शंका असलेल्यांतलं सगळ्यात जास्त गुणांचं भोक कागदाच्या मालकाला. म्हणजे दहा ह्यांचा. आणि मोजायचे दहाच, म्हणून ह्यांचा कडेचा जो तीन गुणांचा होता, तो आता कुणाचाच नव्हता. बिचारा अनाथ होऊन कागदावर राहिला.

हे चार गुणांनी जिंकले. तो तीन ह्यांच्या नावावर राहिला असता, तर शून्य घेऊनसुद्धा मी जिंकले असते. हा हिशेब मी भाजी चिरताना अजून करते.

घरी येताना हे एकदाच बोलले. म्हणाले, "नेम मात्र झकास होता तुझा." मी विचारलं, मग तिथं का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तिथं विचारलं होतं माझं नसलेलं कोणतं. तुझं काय आणि माझं काय, आपल्यात असं कधी वेगळं आहे का?" एवढ्या वर्षांत हे माझ्याशी इतकं गोड बोलले नव्हते. त्यामुळे मला भांडताही आलं नाही. पुढच्या रविवारी खुर्ची आली.

ती कोपऱ्यात बसली, मागे रेलली, पायाखालून जे वर यायचं ते वर आलं. ह्यांनी कौतुकानं आधी आईला बसवलं. सासूबाई रेलल्या, डोळे मिटले, आणि त्यानंतर त्या खुर्चीतून फक्त जेवायला उठतात. हे शेजारी स्टुलावर बसतात. जॅकेट घालून, कारण स्टुलाला पाठ नाही. खुर्चीच्या वर भिंतीवर अकरा भोकांचा तो कागद चौकटीत लावलाय, खाली ह्यांचं नाव. येणाऱ्याजाणाऱ्याला सासूबाई बोटानं मधलं भोक दाखवतात आणि सांगतात, की लहानपणापासून हात असाच नेमका आहे ह्याचा.

कोपरा गेला, पण रेषा तर तीच आहे. म्हणून आता मी उलट्या बाजूला, फ्रीजला पाठ लावून उभी राहते आणि बोळातून बैठकीच्या खोलीकडे दांडी रोखते. काळी टिकली लागत नाही, कागद आहेच. परवा अशीच उभी होते. श्वास घेतला, अर्धा सोडला. कडीच्या बरोबर मध्ये माझं ते भोक आलं, आयुष्यातला माझा एकुलता एक दहा. मी मनातला चाप ओढणार, इतक्यात खुर्चीत सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"जरा डावीकडे घे गं," त्या म्हणाल्या. "तुझं नेहमी शेजारच्याच्या ताटात पडतं."